दुरुस्त कोण करणार?

भंगारवाल्याने दीड हजार सांगितले होते. मी दोन हजार दिले आणि बारा किलोचा तो लोखंडी डबा ॲक्टिव्हावर पायांशी ठेवून महादुल्याहून कोराडीला घरी आणला. अंतर असं काही नाही, पण प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली होत होता. डब्यात काचेच्या सहा नळ्या होत्या आणि त्यातली एक जरी फुटली असती तर नागपुरात दुसरी मिळाली नसती.

त्या दिवशी मी फार खूश होतो. आपण काय विकत घेतलंय याची खरी किंमत आपल्याला माहीत आहे आणि विकणाऱ्याला नाही, असं वाटल्यावर माणूस होतो तसा खूश. ही खुशी चार दिवस टिकली. पण ती गोष्ट शेवटी सांगतो, आधी त्या डब्यापर्यंत कसा पोचलो ते.

मी कोराडीचाच. बाबा इथल्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, पाच वर्षांपूर्वी रिटायर झाले. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला दोनच गोष्टी दाखवतात, देवीचं मंदिर आणि चिमण्या. इथला पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आता ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या गावांना असा दिवसरात्र चालणारा बारीक घुमणारा आवाज असतोच. पहिल्यांदा मामाकडे खेड्यात राहिलो तेव्हा रात्री झोप येईना, इतकं शांत होतं तिथे.

गिटार हातात घेतली अकरावीत. सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली: एक स्वस्त अकूस्टिक, मग जुनी इलेक्ट्रिक, मग वाट्याएवढा स्पीकर असलेला एक प्रॅक्टिस ॲम्प. आणि मग मोबाईल. मोबाईलमध्ये ॲप टाकलं की जगातला कुठलाही नामांकित ॲम्प बोटावर मिळतो. फेंडर, व्हॉक्स, मार्शल, सगळे एका स्क्रीनवर, एकाच हेडफोनमध्ये. मग खराखुरा, जड, तापणारा, काचेच्या नळ्यांचा ॲम्प कशाला हवा?

हा प्रश्न मला आईने विचारला, मित्रांनी विचारला, मीही स्वतःला विचारला. एका मित्राच्या रूमवर दहा मिनिटं खरा ट्यूब ॲम्प वाजवला तेव्हा उत्तर मिळालं. तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ यायचा. जोरात छेडली तर तोच आवाज खरखरीत व्हायचा, थोडा दबायचा आणि मग फुगून वर यायचा. एकही बटण न फिरवता हे होत होतं, सगळं माझ्या बोटांच्या जोरावर. ॲपमध्येही हे होतं, पण तिथे मला ते ऐकू यायचं. इथे ते छातीवर आदळत होतं.

ट्यूबला आपल्याकडची जुनी माणसं व्हॉल्व्ह म्हणतात, कारण आपण ही वस्तू इंग्रजांकडून शिकलो. अमेरिकेत ती ट्यूब. हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्या आत एक तार तापते, त्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पलीकडच्या प्लेटकडे धावतात. १९०४ मध्ये फ्लेमिंगने एवढंच केलं होतं. १९०६ मध्ये ली द फॉरेस्टने मधे एक जाळी घातली. गिटारचा बारीकसा सिग्नल त्या जाळीवर दिला की इलेक्ट्रॉनचा मोठा लोंढा त्या तालावर कमीजास्त होतो. कालव्याचं गेट एका बोटाने हलवावं आणि मागचं पाणी त्याप्रमाणे कमीजास्त व्हावं, तसं. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला. तेच काम न तापता, न फुटता, कमी विजेत व्हायला लागलं आणि रेडिओतून व्हॉल्व्ह हळूहळू गेले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. का, तर व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकला की तो एकदम तुटत नाही. तो हळूहळू, गोलाईने फाटतो.

'फाटतो' हा शब्द इथे मुद्दाम वापरला. नवरात्रात देवीच्या यात्रेत कुणी माईक तोंडाला लावून आरती म्हटली की भोंगा फाटायचा, आणि मोठी माणसं ओरडायची, "आवाज फाटून राहिला, मागे हो!" ज्या आवाजासाठी मी लाखभर रुपये मोजायला निघालो होतो, तो मी दहा दिवस फुकट ऐकत मोठा झालो होतो. पण हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त परदेशी नावं होती.

दोन वर्षं पैसे साठवले. साठ हजार झाले. अमेरिकेहून जुना ॲम्प मागवायचा हिशोब करून पाहिला. अंगाने जड असल्यामुळे भाडं, वर कस्टम ड्युटी, शिवाय तो चालतो १२० व्होल्टवर आणि आपल्याकडे २३०, म्हणजे एक वेगळा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. हिशोब साठ हजाराच्या कितीतरी पुढे गेला. मग पुण्यात एकाकडे जुना अमेरिकी कॉम्बो विकायला आहे असं कळलं. किंमत नव्वद हजार. उरलेले तीस एका मित्राकडून घ्यायचे ठरले आणि मी रात्रीच्या गाडीने निघालो.

ॲम्प सुंदर होता, हे खरं. कापड पिवळं पडलेलं, कातडी हँडल झिजलेलं, नळ्यांचा नारिंगी उजेड. विकणारा 'व्हिंटेज' हा शब्द दर वाक्यात वापरत होता. आवाज मधेच खोल जात होता, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना कुरकुरत होतं आणि वीसेक मिनिटांनी एक वास यायला लागला. तापलेल्या मेणासारखा. मी विचारलं तर तो म्हणाला, "अरे, जुन्या ॲम्पला कॅरॅक्टर असतं." मला ते पटत होतं. पटवून घ्यायची माझी इच्छा होती, असं म्हणणं जास्त खरं. मी बाजूला जाऊन बाबांना फोन केला. परवानगी मागायला नाही, पैशांचं सांगायला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दुरुस्त कोण करणार?"

"पुण्यात एक माणूस आहे म्हणतात."

"तू कोराडीत राहतो ना?"

मी रिकाम्या हाताने परत आलो. गाडीत रात्रभर बाबांवर चिडलो होतो. त्या माणसाला संगीतातलं काही कळत नाही, त्याला फक्त मोटर आणि ब्रेकर कळतात, वगैरे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण जुना ॲम्प बंद पडणार का, हा प्रश्नच नसतो. तो बंद पडणारच असतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वापरा न वापरा, काही दशकांत वाळतात. व्हॉल्व्ह झिजतात. म्हणजे आपण वस्तू विकत घेतो तेव्हा तिच्या सगळ्या पुढच्या दुरुस्त्याही विकत घेतो. आणि त्या दुरुस्त्यांसाठी माणूस कुठे आहे, यावर वस्तूची खरी किंमत ठरते.

मग उलटीकडून विचार सुरू केला. माझ्या आजूबाजूला व्हॉल्व्हचं काय काय होतं? जुने रेडिओ होते. पण रेडिओची ताकद कमी. आणि दुसरं म्हणजे भोंग्यांचे ॲम्प्लिफायर. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासून आहे. एकेकाळी देशभर लग्नाच्या मांडवात, देवळांत आणि सभांमध्ये व्हॉल्व्हचे असेच ॲम्प्लिफायर वाजत. त्यांतले बरेच व्हॉल्व्हही देशी. सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये बंगळूरला स्थापन झाली आणि पुढे रेडिओ-ॲम्प्लिफायरला लागणारे व्हॉल्व्हही बनवू लागली. काचेवर 'बीईएल' छापलेले ते व्हॉल्व्ह आज बाहेरच्या देशांतले शौकीन शोधत फिरतात.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि मी उठून बसलो. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या माणसाचं ड्रमचं दुकान होतं. १९६२ च्या सुमारास त्याच्या दुकानातल्या पोरांनी गिटारवाल्यांसाठी ॲम्प बनवायला घेतला, कारण अमेरिकेतून येणारे फेंडर महाग पडत. त्यांनी सरळ फेंडर बेसमनच्या सर्किटची नक्कल केली, पण पार्ट वापरले इंग्लंडमध्ये मिळणारे. ट्रान्सफॉर्मर तिथले, स्पीकर तिथले, पुढे व्हॉल्व्हही तिथले. त्यामुळे आवाज वेगळा झाला, आणि त्या वेगळ्या आवाजावर पुढे रॉक संगीत उभं राहिलं. म्हणजे ज्या ब्रिटिश आवाजाची मी पूजा करत होतो तो मुळात 'जवळच्या बाजारात काय मिळतं' यातून आलेला होता.

महादुल्यातले साऊंडवाले काका मला लहानपणापासून माहीत होते. यात्रा, गणपती, निवडणूक, सगळ्याला त्यांचेच भोंगे. मग डीजे आले, मोठमोठ्या भिंती आल्या, काकांच्या मुलाने दुसरा धंदा धरला. मी गेलो तेव्हा काका अंगणात खाटेवर बसले होते. ऐंशीच्या आसपासचे असतील.

"काका, जुना वाला ॲम्प्लिफायर आहे का जी तुमच्याकडे? वाल्व्हचा?"

"वालचा? कायले पायजे?"

"गिटार वाजवाले."

ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग टिनाच्या शेडकडे हात केला. "हाव, आहे एक. शनवारी भंगारवाला येऊन राह्यला. त्यानं दीड हजार सांगतले. पाय, तुले पायजे असन तर."

शेडमध्ये गुंडाळलेल्या वायरी, दोन चेपलेले भोंगे आणि पोत्याखाली तो डबा. नावाची पट्टी गळून पडलेली. पत्र्याला गंज, ट्रान्सफॉर्मरवर हळदीकुंकवाचे थर. दर खंडेनवमीला पूजा झालेली. मी मोबाईलचा टॉर्च लावून आत पाहिलं. दोन ईएल८४, तीन ईसीसी८३, एक ईझेड८१. काचेवर पुसट 'बीईएल'.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: व्हॉक्सचा एसी१५ नावाचा प्रसिद्ध इंग्रजी गिटार ॲम्प १९५८ पासूनचा आहे, आणि त्याचा शेवटचा टप्पाही दोन ईएल८४ चाच. पंधरा वॅटच्या आसपास. सर्किट तेच होतं असं नाही, टोन वेगळा, ट्रान्सफॉर्मर वेगळा. पण घराणं एक. एक लंडनच्या स्टुडिओत गेला, एक कोराडीच्या यात्रेत.

मी चेहरा सरळ ठेवला. दोन हजार म्हणालो. काका म्हणाले, "ने." वर एक बिस्किटाचा पत्र्याचा डबाही दिला. "यात दोन-चार वाल हायेत. माह्या काय कामाचे."

घरी आल्यावर बिस्किटाचा डबा उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले सात व्हॉल्व्ह. त्यातले चार ईएल८४, खोक्यातून न काढलेले. मोबाईलवर पाहिलं तर बाहेर अशा एका जोडीचेच दोन हजारांच्या वर पैसे येत होते. आईला ओरडून सांगितलं, "फुकटात मिळाला!"

बाबा मात्र डब्याभोवती फिरत होते. ते रिटायर झाल्यापासून मी त्यांना इतकं जागं पाहिलं नव्हतं. मी वायर घेऊन प्लगकडे निघालो तर ते ओरडले. असे ओरडले की शेजारचे बाहेर आले.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते जुना ॲम्प घेणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं. वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प थेट लावायचा नाही. आत तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो. "बंद केलं म्हणजे मेलं, असं नाही," बाबा म्हणाले. आधी रेझिस्टर लावून कॅपॅसिटर रिकामे करायचे, मीटरने मोजायचं, मगच हात घालायचा. तोही एक. दुसरा हात मागे, म्हणजे करंटला छातीतून जायला रस्ता नाही. शिकवणारा शेजारी नसेल तर झाकण उघडायचंच नाही. जुन्या दोन पिनच्या वायरीला अर्थिंग नव्हतं. ती काढून तीन पिनची लावली, बॉडीला अर्थ दिला. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागे तीन-चार जागा होत्या: ४, ८, १६ ओहम आणि भोंग्यांच्या लांब वायरीसाठी १०० व्होल्टची लाईन. आमचा बारा इंची स्पीकर ८ ओहमचा, म्हणून ८ वर.

मग त्यांनी माळ्यावरून त्यांचा सिरीज बोर्ड काढला. लाकडी फळीवर होल्डर, त्यात शंभर वॅटचा पिवळा बल्ब. इलेक्ट्रिशियनच्या घरी असतो तो. बल्ब ॲम्पच्या रस्त्यात आडवा बसतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि ॲम्प वाचतो. शॉर्ट नसेल तर बल्ब एकदा उजळून मंद होतो.

बल्ब उजळला. मंद झाला. नळ्यांच्या तळाशी हळूहळू लाल ठिपके दिसायला लागले. थोड्या वेळाने बल्ब बाजूला काढून ॲम्प सरळ लाईनवर घेतला. आई दारात उभी होती. कुणी बोललं नाही.

आणि मग ती गुणगुण आली. जाड, सलग, अख्ख्या खोलीत भरणारी. मी गिटार लावून खालच्या जाड तारेवर सूर शोधला. तिसऱ्या पट्टीवर जी सापडला, पण गुणगुण त्याच्या किंचित वर.

"हा जी आहे, थोडा चढा," मी म्हणालो.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. "शंभर आहे."

गिटारचा तो जी ९८ हर्ट्झचा. मी मोबाईलवर पाहिलं. शंभर.

त्यांना कसं कळलं? ते म्हणाले, यार्डातला ट्रान्सफॉर्मर शंभरने घुमतो. वीज केंद्रातलं टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला पन्नास. तीच आपली पन्नास हर्ट्झची वीज. ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून तो शंभरने घुमतो. ॲम्पमध्येही तसंच काहीसं. ईझेड८१ एसीच्या दोन्ही बाजू घेऊन डीसी करतो, तेव्हा त्यात शंभरचे हेलकावे उरतात. ते गिळायचं काम कॅपॅसिटरचं. "पन्नास ऐकू आला असता तर फिलामेंटची वायर किंवा अर्थिंग पाहिलं असतं. शंभर आहे म्हणजे फिल्टर गेला."

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली तेव्हापासून सगळ्या देशाची ग्रिड एका तालात आहे. म्हणजे चेन्नईतला ॲम्पही याच सुरात घुमतो. अमेरिकेतला ६० हर्ट्झमुळे १२० वर, बी च्या थोडा खाली. पण मला त्या वेळी एवढंच जाणवलं की ज्या माणसाला सुरांतलं कळत नाही असं मी रात्रभर गाडीत म्हणत आलो होतो, त्याचा कान माझ्यापेक्षा पक्का होता. त्याने तो वेगळ्या मैफिलीत तयार केला होता, इतकंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सीताबर्डीला गेलो. बाबांनी ४५० व्होल्टचे १०० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर घेतले. आधीच्यांच्या तिप्पट. "मोठा टाकू, गुणगुण साफ जाईल." घरी येऊन बसवणार, तेवढ्यात त्यांनाच शंका आली. व्हॉल्व्हचा रेक्टिफायर त्यांनी कधी हाताळला नव्हता. त्यांच्या नोकरीत तो कधीच नव्हता.

"त्या काकांना विचार," ते म्हणाले. मग सहज म्हणाले, "किती दिले त्यांना?"

मी सांगितलं. बिस्किटाच्या डब्याचंही सांगितलं, कारण मी ते अभिमानाने आईला सांगितलेलं त्यांनी ऐकलं असणार.

बाबा स्क्रू ड्रायव्हर पुसत होते. "त्यांना माहीत होतं का, कितीचा आहे?"

"नसावं."

"अन् तुला माहीत होतं."

ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी वाद घातला असता. म्हटलं असतं की बाजारभाव असाच ठरतो, भंगारवाल्यापेक्षा जास्तच दिले, मी नेला नसता तर हातोड्याने फोडून तांबं काढलं असतं. हे सगळं खरं होतं. पण पुण्याच्या त्या माणसाने मला जे करायचा प्रयत्न केला होता, त्याहून हे फार वेगळं नव्हतं. तो मला माहीत नसलेली गोष्ट लपवून महाग विकत होता. मी काकांना माहीत नसलेली गोष्ट लपवून स्वस्तात घेतली होती.

संध्याकाळी महादुल्याला गेलो. खिशात आठ हजार होते. काका त्याच खाटेवर. मी पैशांचं काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "खोललं का?"

"हो काका."

"वाल लाल होऊन राह्यला का? वरची पत्री?"

"नाही. शंभरची गुणगुण आहे. कॅपॅसिटर बदलतो आहोत. १०० चे आणले."

"नको नको. वालवाला रेक्टिफायर आहे तो. मोठा टाकशीन तर चालू होताना एकदम खेचते, वाल मरते. पन्नासच्या वर जाऊ नको."

ते बरोबर होते. ईझेड८१ च्या जुन्या माहितीपत्रकातही पहिल्या कॅपॅसिटरला ५० मायक्रोफॅरडचीच मर्यादा आहे. काकांनी माहितीपत्रक पाहिलं असेल-नसेल, पण त्यांनी व्हॉल्व्ह मरताना पाहिले होते.

मग मी पैसे पुढे केले. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण निम्मंच बोललो. "काका, तो जास्त किमतीचा आहे जी. त्या डब्यातले वाल तर त्याहून. मला तेव्हाच माहीत होतं."

काकांनी पैसे मोजले. सावकाश, नोट नोट. "मंग तवाच काहून नाही देल्ले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"भंगारवाल्यानं दीड नाही सांगतले. बावीसशे सांगतले होते." त्यांनी नोटा बंडीच्या खिशात घातल्या. "तू पोरगं आहे. हौसेनं नेशीन अन् कोपऱ्यात ठेवशीन, असं वाटे. मंग तुह्याकून जास्ती कायले घेऊ? आता खोललं ना. आता घेतो."

विकणाऱ्याला किंमत माहीत नाही, असं मी समजत होतो. त्यांनी माझ्यासाठी दोनशे रुपयांचं नुकसान आधीच करून घेतलं होतं.

आम्ही ४७ चे कॅपॅसिटर बसवले. माईकची जुनी गोल सॉकेट काढून गिटारचा जॅक घातला. एका चॅनलचा आवाज कुरकुरत होता, ते बटण साफ केलं. शंभरची गुणगुण जवळजवळ गेली. कान स्पीकरला लावला तर उरलेली ऐकू येते. पंधरा वॅट म्हणजे किती, हे ज्याला वाटतं थोडं आहे त्याने एकदा माझ्या आईला विचारावं. रात्री आठनंतर व्हॉल्यूम तीनच्या पुढे नेत नाही. फाटलेला आवाज हवा असेल तर दुपारी, शेजारचे ड्यूटीवर असताना. तेव्हा तार जोरात छेडली की ॲम्प आधी दबतो, मग फुगून वर येतो, आणि मला यात्रेतली आरती आठवते. कुठल्या प्रसिद्ध रेकॉर्डसारखा तो वाजत नाही. सुरुवातीचे काही दिवस मला ते खटकलं. आता तो कशासारखा वाजतो हे मी शोधणं सोडलंय.

ज्यांना जुना ॲम्प घ्यायचाय ते मला मेसेज करून ब्रँड विचारतात. मी त्यांना सांगतो की चालू करून अर्धा तास वाजवा, वास घ्या, गुणगुण ऐका, बटणं फिरवा, नळ्यांवर पेन्सिलने हलकं टकटक करा, खणखणाट आला तर ती नळी गेलेली. ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का पाहा, कारण व्हॉल्व्ह मिळतात, ट्रान्सफॉर्मर मिळत नाहीत. व्हॉल्व्हही मिळतातच असं नाही. आता ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा काही काळ रशियन माल अडकून जगभर धावाधाव झाली होती. पण हे सगळं नंतर. आधी पायी, सायकलने किंवा एका बसने जाता येईल इतक्या अंतरावर तो उघडू शकणारा माणूस शोधा. तो ज्या प्रकारचा ॲम्प ओळखतो, तो घ्या. तसा माणूस नसेल तर स्वतः शिका, पण कुणाच्या तरी शेजारी बसून. आणि किंमत माहीत असेल तर ती सांगून टाका, कारण पुढे तुम्हाला त्याच दाराशी जायचं आहे.

झाकण परत लावताना आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं दिसलं होतं. काकांचं अक्षर. 'वाल बदली', 'वायर बदली', आणि पुढे सालं. शेवटची नोंद नवरात्र १९९४ ची. बाबांनी मला पेन्सिल दिली. मी त्याखाली लिहिलं: फिल्टर कॅपॅसिटर दोन, ४७. तीन पिन वायर. ५० च्या वर टाकू नये.

तारीख घातली आणि झाकण बंद केलं.